कोंडीबांच्या नावानं आलेला फोन

“नमस्कार, कोंडीबाजी बोलताय ना?” फोनवर एक बाई विचारत होती. मोबाईल माझा होता. मेंढपाळ कोंडीबा माझ्यासमोर बाकावर तंबाखू मळत बसले होते.

वारंगा फाट्यावर माझं पशुखाद्याचं दुकान आहे. स्वतः पोती वाहून उभं केलंय. मेंढपाळ मेंढरांमागं महिनोन्‌महिने रानात असतात, म्हणून कुणीही नंबर मागितला की माझा देतात. निरोप दुकानात येतो, तिथून रानात जातो.

मी “हो” म्हणालो आणि फोन स्पीकरवर टाकला.

“जनावरांसाठीचं आमचं खनिज मिश्रण आता थेट कंपनीकडून घरपोच मिळेल. दुकानात जायची गरज नाही. दरही कमी.”

कोंडीबांचा हात थांबला. “आरं नामदेवा, ही तर तुझंच दुकान बंद करून राहिली!”

या भागात त्या कंपनीला ओळखत कोण होतं? गावोगाव फिरून तो माल मी खपवला होता. लगेच एरिया मॅनेजरला फोन लावला.

“साहेब, माझी गिऱ्हाइकं काहून फोडून राहिले?”

“रागावू नका, काका. वरून डी-टू-सी स्ट्रॅटेजी आलीय.” म्हणजे मधला दुकानदार गाळून गिऱ्हाइकाला थेट विकायचं.

“आन् नंबर कुठून आणले?”

“तुम्हीच दिले ना. डेटा.”

मागच्या हंगामात हाच माणूस माझ्या गिऱ्हाइकांची यादी मागायला आला होता. नाव, गाव, जनावरं किती, मोबाईल. दोन तास घासाघीस करून मी बदल्यात लाइटचा मोठा बोर्ड आणि नवं काउंटर उकळलं. कंपनीला पिळलं म्हणून बायकोपुढं मिरवलंही.

“यादी बक्षीस योजनेसाठी मागितली होती तुमी!”

“यादीसोबतचा फॉर्म वाचा, काका. खाली सही तुमचीच आहे.”

गल्ल्यातली प्रत काढून वाचली. कंपनी हे नंबर थेट विक्रीसाठी वापरू शकते, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तोंडाला येईल ते बोललो, पण फोन कधीच कटला होता.

पुढचा आठवडाभर मी कधी सखाराम होतो, कधी मारुती. प्रत्येक नावानं ‘नको’ म्हणालो. पण ज्यांचे स्वतःचे नंबर यादीत होते, ते दूधवाले शेतकरी गेले. निम्मा धंदा गेला.

“मामा, तुमाला न्हाई का स्वस्त पाहिजे?” मी कोंडीबांना चिडूनच विचारलं.

“घरपोच म्हणे! आमचं घर आज कोणत्या शिवारात हाय, ते तिला कोण सांगंल?”

धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: भाव करण्याआधी समोरचा नेमकं काय घेऊन चाललाय, ते विचारा. भाव तर मीही उत्तमच केला होता.