चोरीच्या गाडीला झेंडूचा हार

लग्नाच्या वरातीत एखादी सजवलेली जुनी लाल गाडी दिसली की मला तो गुन्हा आठवतो आणि त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. ते सगळं निवृत्तीबरोबर मागे पडलं. ही एक साधी वाहनचोरी मात्र मागे पडायला तयार नाही. नावं कुणाचीही सांगणार नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कृपा करून गप्प बसावं.

मी तेव्हा ठाणेदार होतो आणि सिंदी रेल्वे हे गाव माझ्या हद्दीत होतं. तिथले एक कापसाचे जुने व्यापारी, सत्तरीला टेकलेले. आपण त्यांना काका म्हणू. मुलं परदेशात, घरात काका आणि काकू दोघंच. धंदा आवरता घेतल्यावर काकांनी नागपूरच्या एका शौकिनाकडून जुन्या जमान्यातली विलायती स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोनच सीटा, लांब नाक, छत मागे पडणारं. त्या शौकिनानं कित्येक वर्षं खपून तिचं इंजिन, पत्रा, चामड्याच्या सीटा सगळं नव्यासारखं करून घेतलं होतं. असली गाडी लोक काचेआड ठेवतात. काका तिच्यातून वांगी आणायला जायचे!

रोज सकाळी चोक ओढून गाडी सुरू व्हायची, तेव्हा सगळ्या गल्लीला कळायचं. बाजार, बँक, कापसाचं जिनिंग आणि दर चतुर्थीला केळझरचा गणपती. उन्हाळ्यात सीट तापते म्हणून ओला टॉवेल अंथरायचा, हिवाळ्यात कानटोपी घालून छत उघडंच ठेवायचं. सीटांच्या फटीत कापूस अडकलेला असायचा. बाजूच्या सीटवर काकू, आणि त्यांचं तोंड सतत चालू. गावातली पोरं चिडवायची, "काका, काकू गाडीत बी बोलणे देऊन राह्यली का?" काका हसून म्हणायचे, "तिची बडबड बंद झाली तं गाडी बंद पडते बाप्पा."

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "काका, एवढी किमती गाडी, जपून ठेवा." तेव्हा ते म्हणाले, "साहेब, चालवाले घेतली, पुजाले नाई. आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस तोलला. आता हे स्टिअरिंग हाती आलं की मले वाटते, मी अजून हाओ. हे गेलं का मी गेलो."

तीच गाडी नवरात्रात चोरीला गेली.

काका-काकू त्या दिवशी रेल्वेनं नागपूरला गेले होते. परत आले तर पोर्च रिकामा. ठाण्यात आले तेव्हा काकांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता. मी स्वतः फिर्याद घेतली. गेटचं कुलूप शाबूत, चावी घरातल्या खिळ्यावरून गायब. शेजारी म्हणाले, दुपारी इंजिनचा आवाज आला, आम्हाला वाटलं काकाच निघाले. चौकातला कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद. मी विचारलं, "गाडी असताना रेल्वेनं कसे गेलात?" काका चटकन म्हणाले, "नागपूरचा ट्रॅफिक लय वाईट जी." मला ते पटलं. फिर्यादीवर सही करताना काकूंनी त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली. म्हातारा माणूस, मनानं खचलेला. मी तेही सोडून दिलं.

गाडीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला आणि पस्तावलो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक लाल गाडीचा फोटो माझ्या मोबाईलवर येऊन पडला. टोलनाक्यावर तपास केला, भंगारवाले पालथे घातले. काही नाही.

गावानं मात्र चोर ठरवून टाकला होता. काकांकडे गाडी धुवायला, पुसायला एक गोंड माणूस यायचा. चाळिशीचा, बायको-मुलं असलेला, कामाचा पक्का. गेटची चावी त्याच्याकडे असायची, एवढाच त्याचा गुन्हा. चार प्रतिष्ठित मंडळी येऊन मला सांगून गेली, "साहेब, त्याले आपला हिसका दाखवा, पोपटावानी बोलन." अशा वेळी माझं डोकं फिरतं. पुरावा विचारला की यांच्या तोंडाला कुलूप, आणि हात मात्र आम्ही उचलायचा!

तरी चौकशी करणं भाग होतं. त्याला रोज बोलवायचो. तो बाकावर बसून राहायचा आणि विचारलं की तेच सांगायचा. "त्या दिवशी मी आलोच नाई जी. काकूनं सुट्टी देल्ली व्हती." उलटसुलट विचारून पाहिलं, जबानी बदलली नाही. चौकशी नुसती बाकावरची होती, पण गावात बाकाचाही बभ्रा होतो. त्याच्या बायकोला किराणा दुकानदारानं उभं केलं नाही, हे मला हवालदारानं सांगितलं. गाडी सापडली नाही तर हा माणूस जन्मभर चोरच राहणार, हे मला दिसत होतं.

अष्टमीच्या दिवशी काकू एकट्याच ठाण्यात आल्या. हातात डबा. म्हणाल्या, "त्याच्यासाठी आणला. साहेब, त्याले सोडा. त्यानं नाई नेली."

"तुम्हाला कसं माहीत, काकू?"

त्या डब्याच्या कडीशी चाळा करत राहिल्या. "मले माहीत हाये," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. पोलिसाच्या नाकाला वास येतो तो इथं आला. पण सत्तरीच्या बाईवर संशय घ्यायला माझंच मन धजेना. त्या माणसाला मात्र मी त्या दिवसापासून बोलावणं थांबवलं.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. जीपला हार घालून हवालदार नारळ फोडत होता, तेवढ्यात फोन वाजला. हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचा माझा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, इथं एक गोडाऊन हाये, कितीक सालापासून बंद. आज सकाळी त्याच्या शटरसमोर नारळ फोडलेला दिसला, झेंडूच्या पाकळ्या पडल्या हायेत. बंद गोडाऊनात कोनाची पूजा करून राह्यले, बाप्पा?"

मी समोरच्या आमच्या हार घातलेल्या जीपकडे पाहिलं आणि टोपी उचलली.

तिथल्या ठाण्याला कळवून, दोन पंच सोबत घेऊन शटर उघडलं. कापसाच्या जुन्या बोऱ्यांआड ताडपत्री होती. ताडपत्री ओढली तर खाली लाल गाडी! चकचकीत पुसलेली, बोनेटवर कुंकवाचा स्वस्तिक, झेंडूचा हार, आरशाला आपट्याची पानं, चारही चाकांखाली लिंबं. पंच माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. इतक्या वर्षांत मी चोरीची पुष्कळ वाहनं जप्त केली. नंबरप्लेट तोडलेली पाहिली, रंग बदललेली पाहिली. चोरानं सणाला पूजलेली गाडी पहिल्यांदा पाहिली. चोर गाडीची पूजा करत नाही. पूजा करतो तो घरचा माणूस.

गोडाऊन काकूंच्या धाकट्या भावाचं निघालं. तो साठीचा माणूस हात जोडून उभा राहिला. "ताईनंच चावी देल्ली, मीच गाडी आणली. काल तिचा फोन आला. म्हणे, माह्या गाडीले सनाच्या दिवशी तशीच ठिवू नको, हार घाल. आता मोठ्या बहिणीले नाई कसं म्हनाव साहेब?"

घोळ तिथंच झाला होता. सगळं नीट लपवलं आणि दसऱ्याला गाडी बिनहाराची ठेवणं काही जमलं नाही.

संध्याकाळी काकूंना बोलावलं. महिला पोलीस शेजारी बसवली, पाणी दिलं. मी दरडावलं नाही, तशी गरजच पडली नाही. एकच वाक्य बोललो, "काकू, हार छान घातला होता." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडल्या.

"साहेब, त्याईले दिसत नाई," त्या म्हणाल्या. "साखरेनं डोळ्याचे पडदे खाल्ले. नुसते रंग दिसते, अन् थे बी धुकट. रेल्वेनं नागपूरले गेलतो ते डोळ्याच्या डॉक्टरकडेच."

"मग गाडी कोण चालवायचं?"

"थेच. मी सांगो ना! डावीकडे बैल हाये, पुढं सायकल हाये, आता फाटा आला, आता ब्रेक दाबा. सालभर असंच चालू व्हतं."

सगळं गाव त्या बडबडीला हसत होतं. मीसुद्धा हसलो होतो.

"मंग असं का केलं?" मीही नकळत त्यांच्याच बोलीत विचारलं.

"चतुर्थीले केळझरले गेलतो. कळस दिसला, अन् मी डोळे मिटून हात जोडले. जन्माची सवय, साहेब. तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, पोटुशी. भारा टाकून नालीत उडी मारली म्हणून वाचली बिचारी. त्याईले वाटलं, कुत्रं आडवं आलं. मी बी हो म्हटलं." त्या पुन्हा रडू लागल्या. "गाडी नका चालवू म्हटलं तं ऐकत नाई. डोळे गेले हेच त्याईले मंजूर नाई. मंग मी काय करू? उद्या कोणाची लेकरंबाळं चाकाखाली आली तं? अन् गाडी हिसकली तं हा माणूस मरते."

मी जबानीच्या कागदाची घडी करून ठेवली.

पण कायद्याला उत्तर द्यावं लागतं. जप्त मुद्देमाल फिर्यादीनं ओळखणं भाग होतं. गाडी आणून ठाण्याच्या आवारात लावली. शेजारी वाळूचोरीत पकडलेला लाल ट्रॅक्टर उभा होता, पलीकडे मोटरसायकलींचा ढीग. काकांना बोलावलं. गाडी सापडली एवढंच सांगितलं, कुठे आणि कशी ते नाही. धोतर-कोट घालून, दाढी करून आले. लग्नाला निघाल्यासारखा चेहरा. काकूंना मी मागे थांबायला सांगितलं होतं. पंच होते, हवालदार होता, आणि गाडी पुसणाऱ्यालाही मी मुद्दाम बोलावलं होतं, कारण त्याच्या नावावरचा डाग सगळ्यांसमोर पुसायचा होता.

"काका, तुमची गाडी ओळखा," मी म्हटलं.

काका ताठ चालत निघाले. सरळ ट्रॅक्टरपाशी गेले. त्याच्या लाल मडगार्डवर प्रेमानं हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "हेच! हेच माही गाडी!"

काकांचा हात मडगार्डवरून सरकत मोठ्या चाकाच्या रबरावर आला आणि तिथंच थांबला. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. आपण कुठं उभे आहोत, आणि किती लोक आपल्याकडे पाहत आहेत, हे त्यांना एकाच वेळी कळलं होतं.

मागून काकूंचा आवाज आला. रोजच्यासारखा, गाडीत बोलायच्या तसाच. "थोडे डावीकडे या. अजून थोडे. हां, बस."

काका डावीकडे सरकले. गाडीच्या लांब नाकावरून हात फिरवला, सुकलेला हार त्यांच्या बोटांना लागला. तो चाचपताना, असा हार कोण घालायला लावेल आणि तिच्या भावाचं बंद गोडाऊन कुठं आहे, हे त्यांचं त्यांनीच जुळवलं असावं. मग माझा आवाज जिथून आला होता तिकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, लिहून घ्या. गाडी चोरीले गेलीच नाई. म्याच वडनेरले ठिवाले सांगतली व्हती. म्हातारा माणूस, इसरलो." नंतर गाडी पुसणाऱ्याला नावानं हाक मारली, तो जवळ आल्यावर हात जोडले आणि म्हणाले, "माफ कर रे बाबा." शेवटी आपला गाडी चालवायचा परवाना काढून माझ्या हातात दिला.

जबानी खोटी आहे हे मला ठाऊक होतं. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल कोर्टात पाठवून मी प्रकरण बंद केलं, परवाना आरटीओकडे धाडला. लबाडीचा हेतू नसेल तर ती चोरी नव्हे, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. ते खरं कसं असतं, हे मला या एका प्रकरणानं शिकवलं. कधी कधी माणसाचं सर्वात लाडकं जे असतं ते त्याच्यापासून त्याच्याच माणसाला चोरावं लागतं, आणि असली चोरी उघडकीस आणताना पोलिसाला अजिबात आनंद होत नाही.

निवृत्तीनंतर एकदा सिंदीवरून जात होतो. काकू वारल्याचं कानावर आलं होतं, म्हणून घरी गेलो. पोर्चमध्ये लाल गाडी उभी होती, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून काका एकटेच बसले होते. इंजिन बंद, छत उघडं. गाडी पुसणारा दाराशी उभा होता. म्हणाला, "रोज बसते जी असेच. म्या दोन-तीनदा बाजूले बसून पाह्यलं. मले नाई जमत सांगाले."

मी नाव सांगितलं. काकांनी आवाज ओळखला. "बसा साहेब," म्हणाले आणि बाजूची सीट थोपटली. मी बसलो. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुढं काय दिसते?"

समोर कंपाउंडची भिंत होती. तिच्यावर पोपडे आलेले, बाकी काही नाही. आयुष्यभर मी पंचनाम्यात जे दिसलं तेच लिहिलं.

"रस्ता मोकळा आहे, काका," मी म्हटलं. "केळझरचा फाटा आला. जरा डावीकडे घ्या."

त्यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं.