पुरुषाची सावली पडली की क्रीम फाटतं

आमची ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या टाचा फाटल्या. पहिल्या हिवाळ्यातही फाटल्या असतील, पण तेव्हा पायाकडे बघितलं कोणी. यंदा चादर टाचेत अडकून टर्रकन फाटली म्हणून कळलं.

रजई काढायला कपाटावर हात घातला, तर रजईच्या आधी एक पिशवी खाली आली. तिच्यातून लाल झाकणांच्या चिमुकल्या डब्या घरभर घरंगळल्या. पलंगाखाली, फ्रिजखाली, एक तर थेट मोरीत. सगळ्या रिकाम्या.

त्या डब्या हिच्या संक्रांतीच्या वाणाच्या. आमच्या नेहरू नगरातल्या मराठी बायका हळदीकुंकवाला वाण म्हणून कंगवे देतात, गाळण्या देतात, स्टीलच्या वाट्या देतात. दर वर्षी त्याच गाळण्या या घरातून त्या घरात फिरतात. ही मात्र घरी केलेलं क्रीम द्यायची. अंगाला, ओठाला, टाचेला लावायचं. भोपाळची थंडी कोरडी, कातडी ओरबाडून काढते. बायका म्हणायच्या, तुमच्या वाणावर आमची संक्रांत ते होळी निघते.

दुखण्यात ही फार बोलत नसे. पण एकदा छताकडे बघत म्हणाली, "डब्या आणून ठेवल्यात. भरायच्या राहिल्या." झालं. माझ्याबद्दल असं काहीच म्हणाली नाही. डब्यांची काळजी होती, माझी नव्हती.

मागची संक्रांत वर्षाच्या आतली, तेव्हा घरात सण नव्हता. यंदा आडकाठी नव्हती. मी ठरवलं, रथसप्तमीच्या आत डब्या भरायच्या आणि बायकांना द्यायच्या. विकतचं क्रीम भरून नाही. ती करायची तेच.

अडचण एकच. ती ते कसं करते, हे मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. कारण पुरुषाची सावली पडली की क्रीम फाटतं.

हे तिनंच सांगितलं होतं, लग्नानंतर इकडे बदली होऊन आलो तेव्हा. क्रीम करायच्या दिवशी जेवण झालं की माझा मफलर माझ्या हातात द्यायची.

"निघा."

"कुठे?"

"कुठेही. उन्हं उतरल्याशिवाय येऊ नका. सावली पडली तर सगळं फुकट जाईल."

मग मी चालत चार इमलीपर्यंत जायचो. तिथे साहेबांचे बंगले. एका बंगल्यासमोरच्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या कठड्यावर, बसून राहायचो. पहिल्यांदा तिथला चौकीदार काठी घेऊन आला. "किससे मिलना है?"

"किसी से नहीं. घर में क्रीम बन रही है."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि काठी काखेत मारून परत गेला. पुढे ओळख झाली. मला बघितलं की लांबूनच ओरडायचा, "आ गए अंकल? क्रीम का दिन है?" परत आलो की दाराबाहेरून मी विचारायचो, "येऊ का?" आणि आतून ती, "थांबा अजून!" मग पायरीवर बसायचो.

तुम्ही हसाल. खुशाल हसा. मी सातवी शिकलेला फिटर. आमच्या कारखान्यात नवं मशीन आलं की लिंबू-मिरची बांधल्याशिवाय मोठे साहेबसुद्धा बटण दाबत नसत, आणि ते परदेशात शिकून आलेले. त्यांच्या मशीनला लिंबू लागतं, तर माझ्या बायकोच्या क्रीमला सावली का बाधू नये?

सामान तेवढं मला माहीत होतं, कारण ते आणायचो मीच. तिळाचं तेल, मधमाशीचं मेण, गुलाबपाणी. कोरफड दारातल्या कुंडीतली. खरं तर शेजारच्या ग्वाल्हेरच्या वहिनींना विचारलं असतं. त्या हिच्या जिवाभावाच्या, मला भाऊजी म्हणतात. पण त्या लेकीच्या बाळंतपणाला तिच्या सासरी गेल्या होत्या, आणि नातू रडका निघाला. फोन केला की रडणंच ऐकू यायचं.

मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो.

"बाबा, तुम्हाला मॉइश्चरायझर हवंय का? मग तसं सांगा ना. मी पाठवतो."

पाठवलं. बाटलीवर काकडीचं चित्र. दाबलं की थुंकल्यासारखं पचकन हातावर येतं. मी लावलं, वाईट नव्हतं. पण काकडी ती काकडी. मी बाटली बेसिनवर ठेवून दिली.

मग स्वतःच सुरू केलं. पहिल्या खेपेस कोरफड चिरली आणि तिच्या पिवळ्या चिकासकट तेलात ढकलली. तो चीक आधी गळू द्यायचा असतो, हे नंतर कळलं. लावून मारुतीच्या देवळात गेलो आणि रांगेत खाजवायला लागलो. पुढची-मागची माणसं हळूहळू दुसऱ्या रांगेत गेली. दर्शन मात्र लवकर झालं.

दुसऱ्या खेपेस मेण जास्त पडलं. जे तयार झालं त्यात वात घातली असती तर दिवाळीला चाललं असतं. ते मी कपाटाच्या अडकणाऱ्या खणाला घासलं. खण आता लोण्यासारखा सरकतो. म्हणजे ग्रीस म्हणून चांगलं होतं, माणसाला नव्हतं.

तिसऱ्या खेपेस तेल-मेणाचं माप बरोबर बसलं, पण गुलाबपाणी ओतल्याबरोबर पातेल्यात दोन तट पडले. तेल वर, पाणी खाली, मध्ये गुठळ्या. फाटलं. मी पातेल्यात वाकून बघत होतो आणि माझ्या डोक्याची सावली बरोब्बर त्या गुठळ्यांवर पडली होती.

तेव्हा म्हटलं, ही खोटं बोलत नव्हती.

आता काय करायचं? अंधारात सावली नसते, म्हणून खिडकीला रजई लावली, दिवा बंद केला आणि रवी घुसळायला बसलो. गुलाबपाणी पातेल्यात गेलं की मांडीवर, कळेना. थोडं मांडीवर गेलं. बाकीचं फाटलं. उजेडात बघितलं तर रवीऐवजी अर्धा वेळ मी डाळीचा डाव फिरवत होतो.

मग मात्र माझ्यातला फिटर जागा झाला. सावली पाडायची नसेल तर माणूसच काढून टाका. काम यंत्रानं करायचं.

ड्रिल मशीन घरात होतं. त्याच्या तोंडात स्टीलच्या रवीचा दांडा आवळला आणि मशीन ओट्यावरच्या फळीला उलटं बांधलं. रवी खाली, पातेलं तिच्याखाली. मशीनचं बटण सुतळीनं दाबून ठेवलं आणि लांब वायरीचा स्विचबोर्ड खिडकीतून मागच्या अंगणात काढला. पहिल्याच झटक्याला तेल छतापर्यंत गेलं. पालीलाही मिळालं, तिची तरी कातडी मऊ झाली असेल. मग पंख्याचा जुना रेग्युलेटर जोडून वेग कमी केला.

राहिलं गुलाबपाणी. ते आत कोण ओतणार? मी कपाट धुंडाळलं. नळी हवी होती, बारीक धारेची, कमी-जास्त करता येणारी. हिच्या औषधांचं खोकं मी उघडलेलं नव्हतं, ते उघडलं. शेवटी शेवटी सलाईन घरीच लावायचे. त्यातला एक नळीचा सेट उरला होता, पाकिटात बंद, कोरा. नर्सबाई चाकी फिरवून थेंब कसे बांधतात, ते मी इतक्या वेळा पाहिलं होतं की झोपेतही बांधले असते.

मी तो सेट हातात घेऊन बराच वेळ खाली बसलो. मग उठलो. खोक्यातलीच सलाईनची रिकामी बाटली उकळत्या पाण्यानं धुतली, गुलाबपाण्यात कोरफडीचा गाळलेला गर घालून ती भरली आणि खिळ्याला टांगली. चाकी फिरवली. टप. टप. टप. पातेल्यात कोमट तेल-मेण तयार होतं. मी धावत अंगणात गेलो, खिडकीला पाठ केली, ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते बघून सावली भिंतीकडे पडेल असा उभा राहिलो आणि स्विचबोर्डाचं बटण दाबलं.

आत घर्रघर्र सुरू झालं.

मी तसाच उभा. मफलर गुंडाळलेला, हातात स्विचबोर्ड, तोंड भिंतीकडे. इतक्यात मागचं फाटक वाजलं. ग्वाल्हेरच्या वहिनी. नातवाला आई-बापाच्या हवाली करून सकाळीच परतलेल्या.

"भाऊजी, भिंतीशी काय बोलताय?"

"बोलत नाही. उभा आहे."

"आणि आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग आवाज कसला?"

"क्रीमचा."

त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. टांगलेली बाटली, थेंब थेंब पडणारं पाणी, उलटं लटकून गरगरणारं मशीन. त्यांचा चेहरा उतरला. बाटली ओळखली असणार.

मी म्हटलं, "तुम्ही आत जा. बाईमाणूस आहात, तुम्हाला चालतं. झालं का बघून सांगा."

त्या आत गेल्या. आतून त्यांनी 'बंद करा' म्हटलं, मी बटण बंद केलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, फाटलं पुन्हा. मग त्या बाहेर आल्या, बोटावर गोळा घेऊन. पिवळसर पांढरा, घट्ट, मऊ. त्यांनी तो माझ्या हातावर चोळला आणि तो कातडीत मुरला. तेल नाही, पाणी नाही. वासही तोच.

"अहो, झालंय हो! हुबेहूब तिचंच."

"होणारच," मी म्हटलं. "सावली पडू दिली नाही."

"कसली सावली?"

"पुरुषाची. पडली की फाटतं ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्विचबोर्डाकडे बघितलं आणि तुळशीच्या कट्ट्याला धरून खालीच बसल्या. आधी वाटलं, चक्कर आली. मग कळलं, हसताहेत. हसता हसता डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"भाऊजी! अहो, ते तुम्हाला घराबाहेर काढायला होतं हो!"

"काय?"

"गुलाबपाणी एकदम ओतलं की फाटतं. थेंबाथेंबानं घातलं की नाही फाटत. अर्ध्या तासाचं काम! मग आम्ही सगळ्या पाय पसरून बसायचो. पोहे, जिलबी, चहा. तुम्ही घरात असलात की तुमचं चालूच, पंखा का लावला, दिवा का जळतोय, डब्याचं झाकण का उघडं. म्हणाली, वर्षातली एक दुपार तरी माझी."

मी चिडलो. खोटं कशाला बोलू, चांगलाच चिडलो. इतकी वर्षं थंडीत त्या पुलियावर बसून माझा पार्श्वभाग गारठला आणि इकडे जिलब्या! मी म्हटलं, "आणि मला एक जिलबी ठेवली नाही कधी?"

"ठेवली असती तर कळलं नसतं का तुम्हाला?"

मी विचारलं, "जिलबी खाऊन दुपारभर काय करायचात?"

वहिनी पदराशी चाळा करायला लागल्या. "काही नाही. नकला करायची ती."

"कोणाच्या?"

"आता कोणाच्या म्हणजे."

"माझ्या?"

"बेत ठरलेला असायचा. पुलियावर बसलेले तुम्ही. दारात 'येऊ का' विचारणारे तुम्ही. वीजबिल वाचणारे तुम्ही."

"करून दाखवा."

"चला, काहीतरीच."

"दाखवा म्हणतो ना."

त्या उठल्या. पदर खोचला. एक खांदा उचलला, चष्मा नसताना नाकावर चष्मा सरकवला आणि कागद नसताना एक कागद लांब धरून तो वाचायला लागल्या, ओठ हलवत. मग थांबल्या. "नाही, ती असं करायची नाही. आधी घसा खाकरायची." पुन्हा केलं. घसा खाकरला, मान हलवली, कागदाच्या मागची बाजूही उलटून बघितली, तिथे काहीतरी चांगलं लिहिलं असेल या आशेनं.

मी असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. आणि खांदा उचलून मान तिरकी करायची ती लकब वहिनींची नव्हती. ती कोणाची होती ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "पुन्हा करा." त्यांनी पुन्हा केलं.

पुढचे काही दिवस यंत्र चालू राहिलं. आता मी आतच उभा राहायचो, सावली हवी तिथे पडू दे. सलाईनची चाकी मात्र मीच फिरवायचो, ती वहिनींना जमत नव्हती. मोरीत गेलेल्या डबीसकट सगळ्या डब्या भरल्या.

मग हळदीकुंकू करायचं कोणी? मी कुंकू लावायला उभा राहिलो असतो तर बायका पळाल्या असत्या. वहिनी म्हणाल्या, "घर तुमचं, वाण तिचं, कुंकू मी लावते." बायका जमायला लागल्या, दोघी उज्जैनच्या, एक इंदूरची, बाकी आमच्या कारखान्यातल्या लोकांच्या बायका. मी पाट मांडून दिला, भर दुपारी जळणारा दिवा बंद केला आणि खुर्चीत बसलो. वहिनींनी माझा मफलर आणून हातात दिला.

"निघा."

"आता कशाला? क्रीम तर झालंय."

"तुम्ही समोर असताना नकला कशा करायच्या? उन्हं उतरल्याशिवाय येऊ नका."

मी निघालो. एक डबी खिशात घातली होती. पुलियावर तोच चौकीदार, आता मिशा पांढऱ्या. उठून उभा राहिला.

"अंकल! इतने दिन कहाँ थे? तबीयत तो ठीक है? आज क्रीम बन रही है?"

"हाँ," मी म्हटलं. "बन रही है."

त्याला डबी दिली. त्यानं झाकण उघडून हुंगलं. "आंटी के हाथ की?"

मी नुसती मान डोलावली. त्याला यंत्राचं सगळं सांगत बसायचं तर रात्र झाली असती. त्यानं तिथेच बूट काढून टाचांना लावलं.

उन्हं उतरली तसा घरी आलो. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत हसण्याचा गलका. कोणीतरी जाड आवाजात पंख्यावरून ओरडत होतं, म्हणजे मीच. मी दार वाजवलं.

"येऊ का?"

आत एकदम सगळं शांत झालं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि कितीतरी आवाज एकदम आले.

"थांबा अजून!"

मी मफलर कानावर घेतला आणि पायरीवर बसलो.