एक घंटी थांब, दोन घंट्या चल

माझे पप्पा लाल गाडीवर कंडक्टर होते. नगर ते शेवगाव या रस्त्यावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, आणि आमच्या घरातसुद्धा बराच काळ त्यांच्याच पद्धतीने कारभार चालला. जेवायला बसलं की भांड्यावर चमच्याने एकदा वाजवायचं म्हणजे वाढणं थांबवा, दोनदा म्हणजे येऊ द्या. आई म्हणायची, या माणसाचं माझ्यापेक्षा त्याच्या ड्रायव्हरवर प्रेम जास्त. ते काही खोटं नव्हतं. पप्पा एखाद्याला ‘माझा ड्रायव्हर’ म्हणाले की समजायचं, त्याला सगळे गुन्हे माफ.

रिटायर झाले आणि सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत येऊन बसले. खालून जाणाऱ्या रिक्षांमध्ये किती माणसं कोंबली आहेत ते मोजायचे आणि चिडायचे. मला ते बघवेना. त्याच सुमारास मी एक जुनी जीप घेतली होती आणि खडकांतून, ओढ्यांतून गाड्या चालवणाऱ्या एका ग्रुपमध्ये जायला लागले होते. या खेळात चढावर बॉनेट वर गेलं की ड्रायव्हरला फक्त आभाळ दिसतं. त्यामुळे खाली उभं राहून चाकं बघणारा, रस्ता सांगणारा एक माणूस लागतो. त्याला स्पॉटर म्हणतात. बाकीच्यांनी दणकट मित्र आणले. मी रविवारी चर्च सुटल्यावर पप्पांना घेऊन गेले.

पप्पांनी पहिल्याच दिवशी सरावाचा ओढा गाजवला. स्टँडवर गाडी मागे घेतात तसे हात हलवून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होते, आणि थांबायची वेळ आली की बॉनेटवर एक थाप, निघायची आली की दोन. गॅलरीतला रुसलेला म्हातारा कुठल्या कुठे गेला. पण चालत्या जीपच्या इतक्या जवळ उभं राहणं धोक्याचं होतं. ग्रुपचे म्होरके मला बाजूला घेऊन म्हणाले, “भंडारदऱ्याच्या राइडला स्पॉटरने दहा पावलं लांब उभं राहायचं, वायरलेसवर बोलायचं. आणि मॅडम, काकांना ऐकू कमी येतं. एखादा तरणा बघा.”

मला रागच आला. तरणा बघायचा नाही, चांगला हेडसेट बघायचा, असं मी ठरवलं.

पहिली जोडी आणली ती बटण दाबून बोलायची. पप्पांचा एक हात बटणावर अडकला. हातांशिवाय पप्पा बोलूच शकत नाहीत. शिवाय बटण सोडायला विसरायचे, आणि ते सोडेपर्यंत मला काही बोलता यायचं नाही. त्या ओढ्यात माझ्या क्लचबद्दल, वळणाबद्दल आणि एकूण स्वभावाबद्दल मी पंधरा मिनिटं मुकाट्याने ऐकून घेतलं.

दुसरी जोडी डोक्यावर बसणारी. दुकानदार म्हणाला, “आवाज झाला की आपोआप चालू, गप्प बसलं की बंद.” पप्पा खूश झाले. त्यांनी कपाटातून जुना तिकिटाचा पंच काढला. तिकिटाची मशीन आल्यावर तो बिनकामाचा झाला होता, पण त्यांनी टाकला नव्हता. माईकपाशी पंच वाजवायचा ठरला, एकदा टिक म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल.

ओढ्यात त्या दिवशी सगळंच बिनसलं. मला एकच टिक यायची आणि मी थांबायचे. पप्पा वैतागून हाताने ‘अगं चल की’ करायचे. मग शेवटचा चढ आला. बॉनेट वर गेलं, समोर आभाळ. कानात काहीच नाही, म्हणून मी रेटत राहिले. जीप खडकावर चढली तेव्हा पप्पा मागे सरता सरता बाभळीत पडले होते आणि माझं चाक त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर होतं.

मी उडी मारून उतरले, आणि घाबरले की मी ओरडते. “घंटी का नाही दिली?”

“दिली व्हती.”

“नाही दिली! वय झालंय तुमचं, कबूल करा ना!”

पप्पा शर्टातले काटे काढत राहिले. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, “दुसरा बघ कुनी. माझंच चुकलं आसंल.” ते वाक्य मला आजही टोचतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तो हेडसेट परत करायला खोक्यात घालत होते. बंद केलाय का बघायला कानाशी धरला तर टिक ऐकू आली. थोड्या वेळाने पुन्हा एक टिक. हॉलमध्ये डोकावले. पप्पा दुसरा हेडसेट घालून, पंच तोंडाशी धरून स्वतःलाच तपासत बसले होते. ते दोनदा वाजवत होते. मला एकच येत होती. म्हणजे पहिल्या टिकने यंत्र जागं व्हायचं आणि तीच टिक गिळून टाकायचं. एकदाच वाजवली तर काहीच पोचायचं नाही.

मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “पप्पा, तुम्ही दिली होती. मीच चुकीचं यंत्र आणलं. आणि बोलले तेही चुकीचं.”

त्यांनी पंच खिशात ठेवला. मग खाली बघत म्हणाले, “उजव्या कानाला खरंच लई कमी येतं. सांगितलं न्हाई, तू नेनं बंद करशील म्हनून. आता घेशील ते डाव्या कानाचं घे.”

तिसरी जोडी माईक सतत चालू ठेवणारी, दोघांनी एकाच वेळी बोललं तरी चालणारी, आणि त्यांच्यासाठी डाव्या कानाची. महिनाभर त्याच ओढ्यात आम्ही सराव केला.

भंडारदऱ्याला खडकांचा चढ होता. पप्पा दहा पावलं मोजून उभे राहिले. अर्ध्यात बॉनेट वर गेलं आणि कानात आलं, टिक. मी ब्रेक दाबून थांबले. मागचे हॉर्न वाजवायला लागले. पप्पांच्या गुडघ्यांचा कडकड आवाज आला, म्हणजे ते वाकून चाक बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी काही विचारलं नाही.

तेवढ्यात पप्पांच्या माईकमधून म्होरक्यांचा आवाज आला, ते माझ्याशी नव्हे, पप्पांशी बोलत होते. “काका, घाई करा. मुलगी अडकलीय वाटतं?”

“मुलगी घरी,” पप्पा म्हणाले. “हितं ती माझी ड्रायव्हर हाय. मी घंटी दिल्याबिगर हालनार न्हाई.”

मला समोरचं आभाळसुद्धा दिसेना. मी डोळे पुसले, पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवला. मग टिकटिक झालं, आणि मी गाडी वर घेतली.