झाकणाखालचे आप्पा

माझे सासरे वारल्यानंतर बरोबर वर्षाने माझ्यावर नाराज झाले. हयातीत ते रोजच व्हायचे, पण तेव्हा निदान समोर खुर्चीत बसून व्हायचे.

आप्पा बोलायचे कमी. मी काहीही केलं की नाकातून एक लांब "हंऽऽऽ" निघायचा. त्यांच्यामागे उरली त्यांची जुनी काळी गाडी. वर्षश्राद्ध विश्रांतवाडीला, सासूबाईंच्या थोरल्या दिरांकडे होतं. त्यांनी एकच मागितलं, "विनायकराव, मला ह्यांच्याच गाडीतून न्या." गाडी चालत होती, पण इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल गळायचं.

आप्पांचे मेकॅनिक सलीमचाचा हडपसरला. फोनवर म्हणाले, "झाकणाखालची पट्टी, ते गॅस्केट, नवं टाका. चिकटवायला शेलॅक लावा, बोटानं, पातळ, फक्त झाकणाच्या बाजूला. आधी झाकण पुसा, आतून-बाहेरून. का मी येऊ?"

"छे, एवढ्याशा कामाला?" मी म्हणालो. (हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलंय.)

दुकानात शेलॅक खोकल्याच्या औषधासारखं दिसलं. शेजारी लाल सिलिकॉनची भलीमोठी ट्यूब होती. ट्यूब घेतली. आमच्या घरी ब्रेडला लोणी लावताना होणारी सगळी काटकसर मी त्या दुपारी भरून काढली! गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना बोटभर जाड थर दिला.

"अहो, पुसलंत का?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"आतून कोण बघतंय?" मी म्हणालो आणि झाकण आवळलं.

सकाळी सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. गाडी सुरू झाली. दोन मिनिटांनी बॉनेटखालून आवाज आला, "हंऽऽऽ." तोच सूर, तेच नाक. गाडीखाली झोपणारं सोसायटीचं कुत्रं उठून थेट बिबवेवाडीच्या चौकाकडे निघून गेलं. मी चावी फिरवून काढून घेतली. चावी माझ्या हातात, इंजिन बंद, आणि "हंऽऽऽ" चालूच. मग तो हळूहळू विरला.

"हे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो, इंजिनाचा आवाज आहे."

"इंजिन बंद आहे, विनायकराव."

मी गाडी पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली, पुन्हा तेच. शेवटी मी हळूच पुटपुटलो, "आप्पा, चुकलं," आणि आवाज खरंच थांबला. सासूबाई गाडीतून उतरल्या. "ह्यांना नको असेल, तर मी यायची नाही." नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला फार वाईट वाटलं. बायकोने एवढंच विचारलं, "पुसलं होतंत?"

मी फोन केल्यावर सलीमचाचा तासाभरात स्कूटरवरून आले. झाकण उघडलं, तर आतून सिलिकॉनच्या लाल गाठी लोंबत होत्या.

"ह्या भोकातून इंजिन श्वास सोडतं," ते म्हणाले. "ते तुम्ही बुजवलंत. कोंडलेली हवा मागच्या सीलमधून वाट काढत होती. इंजिन बंद केलं तरी ती संपायला वेळ लागतो."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आप्पा नव्हते ना?"

पेट्रोलच्या फडक्याने चाचांनी झाकणाची आतली बाजू पुसली. साचलेलं काळं तेल निघालं आणि खाली ओळी दिसू लागल्या. आप्पांचं ते ताठ अक्षर पत्र्यात कोरलेलं होतं.

"वहिनींना बोलवा," चाचा म्हणाले. "साहेबांनी शेवटच्या वर्षी माझ्यासमोर कोरलं. कुणाला सांगू नका म्हणाले."

सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "आधी पुसणे. शेलॅक एकाच बाजूस, पातळ. भोक मोकळे ठेवणे." शेवटची ओळ त्यांनी मनातच वाचली. पदर तोंडाला लावून त्या वर्षभरात पहिल्यांदा हसल्या, इतक्या की डोळे भरून आले. मग झाकण माझ्या हातात देऊन स्वतःच गाडीत जाऊन बसल्या.

"चाचा, ते बसवा आणि तुम्हीच चला गाडी घेऊन," त्या म्हणाल्या. "विनायकराव मागे बसतील."

मी ती ओळ वाचली.

"हे वाचता येत असेल, तर झाकण आमच्या जावयाने पुसलेले नाही."