नदीकाठचं प्रतिजेरुसलेम

सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे अप्पर हटला आल्या, तेव्हा इथे त्यांना करायला काहीच नाही याची मला फार काळजी होती. ती वाया गेली. पुण्यात त्या सोसायटीतल्या बायकांच्या यात्रा काढत. अष्टविनायकापासून बद्रीकेदारपर्यंत बायकांना बसमध्ये बसवायचं, मोजायचं आणि दर्शन होईपर्यंत उपाशी ठेवायचं, हा त्यांचा हातखंडा. असं माणूस रिकामं बसवलं की ते काम शोधून काढतं. सासूबाईंना ते आमच्या कुंपणापलीकडेच सापडलं.

पलीकडे एक आजी राहत. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. फेजोआच्या मोसमात त्या आमच्या दारात पिशव्या ठेवून पसार होत. फेजोआ हे पेरूच्या जातीतलं हिरवं फळ. ज्याच्या परसात झाड आहे तो ते शेजाऱ्यांच्या गळ्यात मारतो, अशी इथली रीत आहे. सासूबाईंनी त्याचं पंचामृत केलं आणि बरणी कुंपणावरून पाठवली. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला इंग्रजी, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मला लॅपटॉपवरून उठवून दुभाषी म्हणून मधे उभं केलं जाई.

आजींच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होणार. हे त्या उद्याच्या पावसाबद्दल बोलावं तशा सुरात सांगत. डोळे आहेत तोवर त्यांना एकच गोष्ट बघायची होती, जेरुसलेम. लहानपणी रविवारच्या शाळेत भिंतीवर एक चित्र टांगलेलं असे, टेकडीवरून दिसणाऱ्या त्या शहराचं. ते एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं. चर्चच्या सहलीत नाव घातलं, चालायचे नवे बूट आणले, आणि तिकडे युद्ध पेटलं. सहल रद्द झाली. चर्चमधली मंडळी म्हणाली, पुढच्या वर्षी जाऊ.

"पुढच्या वर्षी जेरुसलेम असेल," आजी मला म्हणाल्या, "माझे डोळे नसतील." मग त्यांनी विचारलं, रीसायकलिंगचा डबा आज बाहेर ठेवायचा की उद्या.

संध्याकाळी मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलंही नाही.

"मग प्रतिजेरुसलेम करायचं."

"काय?"

"अगं, काशी जमत नाही त्याला प्रतिकाशी असते. शिर्डी जमत नाही त्याला प्रतिशिर्डी. भाव असला की दर्शन मूळच्याइतकंच लागू होतं. मी स्वतः बायका नेल्यात."

"आई, ख्रिश्चनांत असं नसतं."

"तू विचारलंस कुणाला?"

माझी मुलगी सोफ्यावरून, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट अ थिंग." हिला मराठी सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. नवरा मीटिंगमध्ये होता. घरात तीर्थक्षेत्राचा विषय निघाला की त्याची मीटिंग असते.

विषय एकदाचा मिटावा म्हणून मी फोनवर नकाशा उघडला आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत जेरुसलेम असं टाइप केलं. नकाशा समुद्र ओलांडून पार तिकडे जाईल, अंतर बघून त्या गप्प होतील, असा माझा हिशेब. नकाशा आमच्या बेटावरून हललाच नाही. व्हांगानुई नदीच्या काठी, गाडीने अर्ध्या दिवसावर, जेरुसलेम होतं. पूर्वी कुण्या मिशनऱ्याने नदीकाठच्या माओरी गावांना अथेन्स, करिंथ, लंडन अशी दणकट नावं दिली, त्यातलंच हे एक. तिथल्या लोकांनी ते आपल्या जिभेला सोसेल असं करून घेतलं, हिरुहारामा.

"असणारच," सासूबाई म्हणाल्या आणि पोळी उलटली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मी भाषांतर केलं ते नकार द्यायला सोपं जाईल अशा बेताने. "माय मदर-इन-लॉ हॅज अ फनी आयडिया," अशी सुरुवात केली. आता आजी "दॅट्स लव्हली, डिअर" म्हणतील, याची मी वाट बघत होते. या देशात त्याचा अर्थ नाही असा होतो. आजींनी कुंपणाची फळी दोन्ही हातांनी धरली. मग हळूच म्हणाल्या, "तिथलं चर्च कॅथलिक आहे, डिअर. आमच्या पंथाचं नाही."

सासूबाईंना मी ही अडचण समजावली.

"म्हणजे पुजारी वेगळे, एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "पुजाऱ्याकडे कशाला बघायचंय? आपण कळसाचं दर्शन घेऊ."

कळसाचं दर्शन हे मी कसंबसं इंग्रजीत घातलं. गाभाऱ्यात जाता आलं नाही तरी लांबून शिखर दिसलं की आमच्यात यात्रा पोचते, असं सांगितलं. आजी म्हणाल्या, शनिवारी त्या मोकळ्या आहेत.

शनिवारी पहाटे आम्ही तिघी निघालो. चालक अर्थातच मी. मागच्या सीटवर सासूबाई आणि दशम्यांचा डबा, आणि दर्शन झाल्याशिवाय तो उघडायचा नाही, असा नियम. आजींना गोळ्या असल्यामुळे सवलत मिळाली. मला गोळ्या नव्हत्या. व्हांगानुई शहर मागे टाकून नदीच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीभर तुपाचा वास कोंदला होता आणि माझी भक्ती पूर्ण आटली होती.

रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी. अथेन्स आलं आणि गेलं. करिंथची पाटी आली तेव्हा आजी एकदम ताठ बसल्या. करिंथच्या लोकांना संत पौलाने पत्रं लिहिली होती, त्या म्हणाल्या. मी मागे सांगितलं.

"त्यांचं उत्तर आलं का?" सासूबाईंनी विचारलं.

आजी खूप हसल्या. "त्यांनीही लिहिलं होतं म्हणतात. पण ते हरवलं."

"पोस्टाचं सगळीकडे सारखंच," सासूबाई म्हणाल्या.

लंडनही गेलं. मग एका वळणावर रस्त्याकडेला गाडी लावण्यापुरती जागा होती. समोर नदी वळसा घेत होती आणि पलीकडच्या झाडीतून चर्चचं टोक वर आलं होतं. खाली घरं होती, एका धुराड्यातून धूर निघत होता. मी गाडी थांबवली. सासूबाईंनी थंडीत चपला काढून गाडीखाली सरकवल्या. आजींनी ते पाहिलं आणि त्याही वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. इथे लोक सुपरमार्केटमध्येसुद्धा अनवाणी हिंडतात, त्यामुळे तसं वावगं काही नव्हतं. तरी जेरुसलेमसाठी आणलेले ते नवे बूट खडीवर शेजारी शेजारी ठेवलेले बघून मला कसंसंच झालं.

"आलं, आजी. समोर बघा."

आजींनी बघितलं. गॉगल काढून बघितलं. डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"कुठे?"

मी त्यांच्या खांद्यामागून बोट दाखवलं. त्या बोटाच्या रेषेत बघत राहिल्या.

"नदी दिसते," त्या म्हणाल्या. "डोंगर दिसतो. मधे काही नाही." मग थोडंसं हसून, "उशीर केला मी, डिअर."

इतका वेळ मी या सगळ्याकडे सासूबाईंचं एक खूळ म्हणून बघत होते, घरी गेल्यावर मैत्रिणींना रंगवून सांगायला. आता मला रडू आलं. मी बोट तसंच समोर धरून उभी होते.

"काय म्हणते ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. रांगेत चुकीच्या जागी उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी तो उद्गार राखीव असतो. "अशी डोळे रोखून काय बघते? शंकराच्या देवळात कुणी मधोमध उभं राहतं का? बाजूला व्हायचं आणि तिरकं बघायचं. एवढंही कुणी शिकवलं नाही?" आणि मी भाषांतर करायच्या आत त्यांनी पुढे होऊन आजींची हनुवटी धरली आणि चर्चवरून काढून स्वतःकडे वळवली. "हं. इकडे बघ. माझ्याकडे. तिकडे अजिबात नाही."

डोळ्याच्या पडद्याचा विचार करून त्या हे करत होत्या, असं मला वाटत नाही. त्या फक्त शिस्त लावत होत्या. आजी तशाच उभ्या राहिल्या, हनुवटी सासूबाईंच्या हातात. खालून कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"ओह," आजी म्हणाल्या. मग अगदी हळू, मोठ्याने बोललं तर ते पळून जाईल अशा बेताने, "तिथे आहे. कडेला. झाडांच्या वर टोक आहे. लहान आहे, नाही?"

"लहानच आहे," मी म्हटलं.

"चित्रातही लहानच होतं."

त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि त्या मान तसूभर हलवत नव्हत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तिला सांग, आता ती मला दिसत नाही. तिचा चेहरा होता तिथे काहीच नाही."

मी सासूबाईंना सांगितलं.

"मला काय बघायचंय," सासूबाई म्हणाल्या. "मी रोजचीच आहे कुंपणाशी."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सासूबाईंचं पुण्याचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं आणि ते आम्हा तिघींनाही माहीत होतं. आजींनी मान आणि डोळे होते तिथेच ठेवले, हात पुढे केला आणि सासूबाईंचा चेहरा चाचपू लागल्या, आधी कपाळ, मग कुंकू, मग गाल. सासूबाई कुणाला गालाला हात लावू देत नाहीत, नातीलासुद्धा नाही. त्या अनवाणी तशाच उभ्या राहिल्या.