टाकीतला फ्लॅश

एका फ्लॅशने त्या दिवशी आम्ही सगळे मेलो असतो.

तो फ्लॅश हरेशभाऊंचाच होता. आणि तो बाहेर काढला तोही त्यांनीच.

आज सकाळी एडवणला, राहत्या घरी, हरेशभाऊ गेले.

नव्या मित्रांसाठी सांगते. हरेशभाऊ म्हणजे बोईसरला स्टेशनजवळ छोटा फोटो स्टुडिओ चालवणारे. घर एडवणचं, भावांच्या बोटी. यांना मात्र बोट लागायची, म्हणून कॅमेरा धरला असं स्वतःच हसत सांगायचे.

मी तेव्हा तारापूरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. एकोणनव्वद-नव्वद साल असेल. लग्न होऊन जळगावहून नुकतीच आले होते.

कंपनीत सॉल्व्हंट साठवायची नवी टाकी उभी राहिली. तिची पूजा होती. मालकांना माहितीपत्रकासाठी टाकीचा आतून फोटो हवा होता.

हरेशभाऊंनी तेव्हा एक नवीन वस्तू आणली होती. स्लेव्ह.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला, की त्याचा उजेड ओळखून लांब ठेवलेला दुसरा फ्लॅश त्याच क्षणी उडायचा. मध्ये वायर नाही, काही नाही.
आम्हाला जादूच वाटली.

तो दुसरा फ्लॅश त्यांनी सुती दोरीला बांधून टाकीच्या वरच्या झाकणातून आत सोडला. खाली, टाकीच्याच बाजूला असलेल्या मॅनहोलमधून फोटो घेतला. कोरी करकरीत टाकी आतून चांदीसारखी उजळली.

"ताई, अजून एक घेतो. चार्ज होऊ दे."

आतून बारीक आवाज येत होता. चीं... फ्लॅश चार्ज होताना येतो तसा.

आणि मला वास आला.

टोल्युइन, पेट्रोलसारखं भडकणारं सॉल्व्हंट. लॅबमध्ये रोज हाताळायचे, चुकणं शक्यच नव्हतं.

शेजारच्या लाइनचा व्हॉल्व्ह नीट बंद नव्हता. कोऱ्या टाकीत सॉल्व्हंट झिरपत होतं, आणि त्याची वाफ साठत होती.

मी म्हटलं, "भाऊ, आत ठिणगी पडली तर?"

त्यांनी कॅमेरा झटकन खाली घेतला. फ्लॅश उडतो म्हणजे आत ठिणगीच पडते, हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात मालकांचा भाचा हसत पुढे आला. गळ्यातला स्वतःचा कॅमेरा त्याने डोळ्याला लावला.
"स्माइल, मॅडम!"

हरेशभाऊंनी झेप घेऊन त्याच्या लेन्सवर पंजाच ठेवला.

"नको! कोणी फोटो काढू नका! कोणाचा पन फ्लॅश उडला, तर आतला उडंल!"

भाचा चिडला. मालक काहीतरी म्हणाले. मी ओरडले, "सर, टाकीत टोल्युइन आहे. सगळ्यांना गेटबाहेर न्या."
मालकांचा रंगच उडाला. माणसं पळाली. भटजी हातातली पळी तशीच घेऊन पळाले.

आमचा ऑपरेटर सुभाष व्हॉल्व्ह बंद करायला धावला. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं. त्याचा तो निळा उजेड भिंतीवर लपलप करत होता. सुभाष जाता जाता तिकडे ओरडला, "भैया, बंद करो! अभी के अभी!"

उजेड थांबला.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हीही चला. राहू दे तो आत."

"ताई, तो कधी कधी आपला आपनच उडतो. सेल संपंपर्यंत वाट बगायची?" त्यांचा आवाज फाटला होता. "मीच सोडलाय. मलाच काढाय पायजे."

मग म्हणाले, "ओलं पोतं हाय का?"

बाजूच्या मॅनहोलवर ओलं पोतं लावून मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. आत अचानक उजेड जाऊ नये म्हणून. ते शिडीने वर चढले, डोक्यावरून आणि झाकणाच्या तोंडावरून आपलं काळं कापड घेतलं आणि दोरी ओढायला लागले.

हळू. फार हळू. फ्लॅश पत्र्याला लागता कामा नये.

मला पोत्याआडून तो आवाज ऐकू येत होता. चीं...

मग तो आवाज बंद झाला.

म्हणजे फ्लॅश पूर्ण चार्ज झाला होता.

मी डोळे मिटले. देवाचं नावसुद्धा आठवेना. फक्त पोतं दाबत राहिले. वरून हरेशभाऊंचा खोकला ऐकू आला. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती.

"भाऊ?"

मी मान वर करून ओरडले.

"भाऊ!"

"हाय... हाय मी."

ते शिडीवरून उतरले तेव्हा काळ्या कापडात गुंडाळलेला फ्लॅश त्यांनी तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. बटणाला हात लावला नाही. बटण दाबलं तरी ठिणगी पडते. तसेच चालत गेटबाहेर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या माळावर गेले. गवतावर ठेवून कापड दूर केलं.

उन्हाची तिरीप पडली आणि फ्लॅश उडाला.

आपोआप.

ते तिथेच खाली बसले आणि ओकले. मी शेजारी बसले.

तोंड पुसून म्हणाले, "ताई, घरी सांगू नका हां. बायको कॅमेराच फेकून देल."

त्या दिवसानंतर स्लेव्ह त्यांनी कधी वापरला नाही. गावातल्या लग्नात, उघड्या मांडवातसुद्धा नाही. दुसऱ्या फ्लॅशला जोडायची लांबलचक वायर घेऊन फिरायचे, वऱ्हाडी अडखळायचे, शिव्या द्यायचे. या कटकटीला कंटाळून लोक दुसरीकडे जायला लागले.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, आता तरी भीती सोडा."

"नाय जात, ताई," एवढंच म्हणाले.

माझीही गेलेली नाही. आजही कुणी जवळून फ्लॅश मारला की मी आधी वास घेते.

पण मला नेहमी वाटतं, शूर माणूस मी तो एकच पाहिला, आणि तो पूर्ण वेळ थरथरत होता.

संध्याकाळी एडवणला जातेय. वहिनींना आज सगळं सांगणार.

हरेशभाऊ, तुमच्या ताईचा शेवटचा नमस्कार. शांत झोपा.