दुसऱ्या सांध्यातली रिंग

माझी नणंद मनानं वाईट नाही, पण तिनं एकदा कुणावर दात धरला की त्या माणसाची खैर नाही. मी या बाबतीत तिच्याही दोन पावलं पुढे, म्हणून आमचं नणंद-भावजयीचं छान जमतं.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात ती पाणी तपासते. तिथे लांबलचक नळ्यांमध्ये पडद्यांच्या गुंडाळ्या एकापुढे एक बसवलेल्या असतात. खारं पाणी दाबानं रेटलं की मीठ बाहेर राहतं आणि गोडं पाणी मधल्या पाइपात उतरतं. दोन गुंडाळ्यांच्या सांध्यात रबराच्या छोट्या रिंगा असतात. त्यांतली एक जरी राहिली, तरी खारं पाणी थेट गोड्यात. या गुंडाळ्या बसवायचं काम माझा नवरा करायचा.

त्यानं बसवलेल्या एका नळीतून खारट पाणी आलं. तिथला सुपरवायझर, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणतात, त्यानं नळीत बारीक ट्यूब सारून जागोजागचं पाणी काढलं, तपासलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "दुसऱ्या सांध्यात रिंग बसवलेलीच नाही."

नवरा घरी येऊन म्हणाला, "मी रिंग बसवली होती. रिंगेला चोळायचं ग्लिसरीन संपलं होतं, म्हणून त्यानंच मला ग्रीस लावायला दिलं. ग्रीसनं रबर फुगलं आणि फाटलं. आता माझ्यावर ढकलतोय."

आम्हा दोघींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम थांबायला नको म्हणून कारखान्यानं ती नळी न उघडता तशीच बंद करून ठेवली आणि माझ्या नवऱ्याला घरी बसवलं. पुढे कुठेच त्याला कुणी उभं करेना. ती नळी उघडून फाटकी रिंग चारचौघांत दाखवली, तरच त्याची नोकरी परत मिळणार होती.

"वहिनी, कधीतरी ती उघडावी लागेलच," नणंद म्हणाली. "तोवर त्या मेल्याला मी सुखानं घास गिळू देणार नाही."

आणि नाहीच दिला! पाण्यात मीठ केसभर वाढलं की ही थेट वरच्या साहेबांकडे. गोडबोल्याला पडदे धुवून घ्यावे लागत, गाळण्या बदलाव्या लागत. एकदा तर तिनं त्याचा चहा समुद्राच्या पाण्यात केला. तो घोट घेऊन म्हणाला, "ताई, साखर जरा कमी पडली." मी हे ऐकून पोट धरून हसले. गंमत म्हणजे तिच्या सुडापायी गावाला इतकं चांगलं पाणी कधी मिळालं नव्हतं. पडदे स्वच्छ, त्यामुळे दाब कमी लागे, विजेचा खर्च उतरला. त्यासाठी शाबासकी मिळाली गोडबोल्याला. बाई गं, तेव्हा आमचा कसा जळफळाट झाला!

अशी काही वर्षं गेली आणि शेवटी सगळ्या जुन्या गुंडाळ्या बदलायचं ठरलं. नणंदेनं साहेबांना सांगितलं, "ती बंद नळी सगळ्यांसमोर उघडा. कुणी कुणाचा गळा कापला ते दिसू दे." मी डबा द्यायच्या निमित्तानं तिथे जाऊन उभी राहिले. गोडबोल्याचं तोंड काळं झालेलं मला या डोळ्यांनी बघायचं होतं.

फिटरनं पहिली गुंडाळी ओढून काढली. मग दुसरी. तिच्या टोकाला सांध्याचा तुकडा होता. नणंदेनं तो झडप घालून घेतला आणि उजेडात धरला. रिंगा बसायच्या खाचांपैकी एक रिकामी होती. तिनं नळीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. रबराचा कपटा नाही, ग्रीसचा डाग नाही. बाकीच्या रिंगा जागच्या जागी, चांगल्या टणक.

शेवटी गोडबोल्याच म्हणाला, "जाऊ द्या ताई. होतं असं माणसाच्या हातून." त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नणंदेनं सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मी मान खाली घालून निघाले.

घरी नवरा जेवत होता. नणंद त्याच्यासमोर उभी राहिली. "दादा, तिथे रिंग नव्हतीच."

"माहीत आहे," तो म्हणाला. "घाईत राहिली. त्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून ग्रीसचं बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो. पण तुम्ही दोघी अशा पेटलात, की मला सांगायची सोयच राहिली नाही."

मला संतापानं रडू कोसळलं. नणंदेनं त्या दिवसापासून त्याच्याशी अबोला धरलाय. मी नाही धरला. गोडबोल्यासाठी इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं माझ्याकडे तसंच शिल्लक आहे. आता ते मी रोज नवऱ्याला ऐकवते, आणि तो मुकाट्यानं जेवतो.